'हात बसेल हळूहळू' म्हणणाऱ्या सगळ्या सरांना

प्रति,
पुण्यातल्या आणि पुण्याबाहेरच्याही मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मालक व प्रशिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे चारचाकीचं पक्कं लायसन्स येऊन पावणेदोन वर्षं झाली. ते मिळवायला मला 6 वर्षं, 3 ड्रायव्हिंग स्कूल आणि 4 कच्ची लायसन्सं लागली. कच्चं लायसन्स 6 महिने चालतं हे तुम्हाला मी सांगायला नको. माझी पहिली तीन पाकिटात पडल्यापडल्याच संपली.

तुमच्यापैकी दोघांनी मला शिकवायचा प्रयत्न करून सोडून दिला आणि तिसऱ्यांनी शिकवलं. कुणाचं नाव घेणार नाही. ज्यांनी सोडलं ते वाईट नव्हते आणि ज्यांनी शिकवलं ते काही संत नव्हते. पण तिघांमध्ये जो फरक होता तो मला आता नीट कळला आहे, आणि माझ्यासारखं कुणीतरी उद्या तुमच्याही गाडीत येऊन बसणार आहे, म्हणून हे लिहिते आहे.

तुम्ही सगळेजण एक वाक्य बोलता. पहिल्या दिवशी गाडी बंद पडली की हसत बोलता, पाचव्या दिवशी जरा आवाज चढवून बोलता आणि बाराव्या दिवशी बोलायचं सोडून खिडकीबाहेर बघता. ते वाक्य म्हणजे, 'हात बसेल हळूहळू.' बहुतेकांचा बसतोही. चार दिवस चुकतमाकत केलं की पाचव्या दिवशी पाय आपोआप क्लचवर जातो, त्याचा विचार करावा लागत नाही. तुमचं सगळं शिकवणं या 'आपोआप'वर उभं आहे. माझी अडचण अशी की माझा हात आपोआप बसत नाही. गाडीवरच नाही असं नाही, कशावरच नाही.

शाळेत 26 जानेवारीला आमच्या वर्गाचं लेझीम असायचं. चार ठोके, खाली वाकणं, एक पाय पुढे, पुन्हा वर. हलगी सुरू झाली की चाळीस पोरी एका अंगानं हलायच्या आणि एक लेझीम मागाहून खण्णकन वाजायची, ती माझी. पीटीच्या सरांनी आधी मला मागच्या रांगेत टाकलं, मग झेंडा धरून उभं केलं. घरात माझ्या हातून कप फुटला की आई म्हणायची, 'हाताला भोकं पडलीत का गं?' बुटाची नाडी मी सहावीत शिकले. भाकरी अजून येत नाही. ती परातीत थापते, पण तव्यावर टाकताना दर वेळी घडी पडते. धांदरट, वेंधळी, धसमुसळी, ही सगळी विशेषणं मी लग्नाआधीच गोळा केली होती.

तिसाव्या वर्षी एका ऑक्युपेशनल थेरपिस्टनी या सगळ्याला एकच नाव आहे असं सांगितलं. डिस्प्रॅक्सिया. डॉक्टरी भाषेत डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर. शंभर मुलांत साधारण पाच-सहाजणांना हे असतं आणि मोठं झाल्यावर बऱ्याच जणांचं जात नाही. स्नायूंत ताकद असते, बुद्धी शाबूत असते, डोळे ठीक असतात. गडबड मधल्या वाटेवर होते. काय करायचं हे डोक्याला कळलेलं असतं, पण त्या हालचालींचा क्रम आणि वेळ जुळवून तो शरीराकडे पाठवण्यात घोळ होतो, आणि हातपाय आत्ता नेमके कुठे आहेत याची खबर परत येते तीही धूसर. पूर्वी इंग्रजी वैद्यकीय लिखाणात अशा मुलांना सरळ 'क्लम्झी चाइल्ड', म्हणजे धांदरट मूल म्हणत. म्हणजे आईचं निदान अगदीच चुकलेलं नव्हतं. 1994 मध्ये लंडनला (इंग्लंडातलं नव्हे, कॅनडातलं) तज्ज्ञांची बैठक झाली, तिथे सगळ्यांनी सध्याचं लांबलचक नावच वापरायचं असं ठरलं. डॅनियल रॅडक्लिफ या ब्रिटिश अभिनेत्यानं 2008 मध्ये आपल्याला सौम्य डिस्प्रॅक्सिया असल्याचं जाहीर सांगितलं होतं. बुटाची नाडी बांधताना त्याचीही पंचाईत होते, हे वाचून मला जो आनंद झाला तो काही सज्जनपणाचा नव्हता.

आता गाडीत बसू.

तुम्ही म्हणता, 'क्लच दाबा, पहिला टाका, क्लच सोडत सोडत रेस द्या.' तुमच्या लेखी हे एक काम आहे, माझ्या लेखी सात-आठ. डावा पाय पूर्ण खाली न्यायचा. तो पूर्ण गेला की अर्धवट, हे मला पायाकडून कळत नाही, वाकून बघावं लागतं. वाकलं की रस्ता सुटतो. डाव्या हातानं गिअर डावीकडे दाबून वर ढकलायचा. मग 'सोडत सोडत द्या'. एक पाय वर येणार, दुसरा खाली जाणार, दोन्ही एकाच वेळी आणि दोन्हींचा वेग वेगळा. हे लेझीमच झालं की! एवढं होईपर्यंत स्टिअरिंग धरलेला उजवा हात मी पूर्णपणे विसरलेली असते. नेमकं तेव्हाच तुम्ही म्हणता, 'आरशात बघा. इंडिकेटर द्या. अहो, ती रिक्षा बघा!' तुमचं वाक्य माझ्यापर्यंत पोचेस्तोवर रिक्षा स्वारगेटला पोचलेली असते.

'डावीकडे घ्या' हाही असाच एक फास. डावं कुठलं हे मला माहीत आहे, दुसरीपासून माहीत आहे. पण ते कळायला मी मनातल्या मनात जेवायचा हात उचलते, तो उजवा, म्हणजे हा डावा. शांतपणे उभं असताना याला एक सेकंद लागतो, चालत्या गाडीत तीन. तेवढ्यात वळण मागे जातं आणि तुम्ही म्हणता, 'मॅडम, ऐकू येतंय ना?'

मग अंतराचा अंदाज. सिंहगड रोडला दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या असतात. डावीकडे किती जागा उरली आहे हे तुम्ही 'फील'नं सांगता. मला स्वतःच्या घराच्या दाराच्या चौकटीचा फील तीस वर्षांत आलेला नाही, माझ्या डाव्या खांद्यावर कायम एक निळा डाग असतो. माझ्या खांद्याची रुंदी मला माहीत नाही, तिथे साडेपाच फूट रुंद गाडीची कुठून कळणार?

पहिल्या स्कूलमध्ये 15 दिवसांचं पॅकेज होतं, रोज 5 किलोमीटर. मागच्या सीटवर आपल्या पाळीची वाट बघणारे दोघेजण, म्हणजे प्रेक्षक आयतेच. त्यातला एक कॉलेजचा पोरगा चौथ्या दिवशी चौथ्या गिअरला पोचला. मी चौथ्या दिवशी धायरी फाट्याच्या सिग्नलला सलग पाच वेळा गाडी बंद पाडली. मागे पीएमपीची बस होती. तिचा हॉर्न मला अजून स्वप्नात ऐकू येतो. सर म्हणाले, 'अ‍ॅक्टिव्हा चालवता ना तुम्ही? मग?' हो, चालवते. तिला क्लच नसतो, गिअर नसतो, आणि ती शिकायलाही मला सात महिने लागले होते. बाराव्या दिवशी सर अगदी मायेनं म्हणाले, 'मॅडम, तुम्ही एखादा ड्रायव्हर ठेवा की.'

दुसऱ्या स्कूलनं मला वेगळ्याच तऱ्हेनं हरवलं. तिथले सर प्रेमळ होते, पण गाडी रोज बदलायची. आज ही, उद्या ती, परवा 'आपली गाडी आरटीओला टेस्टसाठी गेलीय, आज डिझेलवर घ्या.' तुमच्यासाठी क्लच हा क्लच असतो. एका गाडीचा क्लच चार बोटांवर पकडतो, दुसरीचा पार वर आल्यावर, आणि हा फरक बाकीच्यांचा पाय दहा मिनिटांत ओळखतो. मला मात्र प्रत्येक गाडी म्हणजे पुन्हा पहिला दिवस. वीस दिवसांत मी वीस वेळा पहिला दिवस केला.

आणखी एक बोलून टाकते. दोन्हीकडे माझ्या अडचणीचं कारण आधीच तयार होतं. बाई आहे ना, बायकांना जरा वेळ लागतो. मला काहीतरी वेगळं होतंय हे कुणाच्या, अगदी माझ्याही, लक्षात न येण्याचं हे एक मोठं कारण आहे. पुरुषाला पाच वेळा गाडी बंद पाडताना बघून निदान कुणीतरी विचारतं, 'काय रे, बरं नाहीये का?'

तिसऱ्या स्कूलचे सर साठीच्या आसपासचे होते. त्यांना डिस्प्रॅक्सिया हा शब्द मी सांगितला तेव्हा त्यांनी मान हलवली आणि तो तिथेच सोडून दिला. त्यांच्या तोंडात कायम तंबाखूचा बार असे. बोलायचं म्हणजे थुंकायचं आणि थुंकायचं म्हणजे गाडी थांबवायची. त्यामुळे गाडी चालू असताना ते एक शब्दही बोलत नसत. डॅशबोर्डवर बोटानं टिचकी मारली की वेग कमी करायचा. तळवा आडवा केला की थांबायचं. स्वतःच्या छातीकडे अंगठा केला की त्यांच्या बाजूला, म्हणजे डावीकडे. माझ्याकडे बोट केलं की माझ्या बाजूला. बस, एवढीच भाषा. दहा मिनिटांनी गाडी कडेला घ्यायला लावायचे, दार उघडून पिंक टाकायचे आणि मग काय चुकलं ते दोन वाक्यांत सांगायचे. पुन्हा दार लावून गप्प.

मी तंबाखूची जाहिरात करत नाही. पण सहा वर्षांत पहिल्यांदा मला गाडीत विचार करायला जागा मिळाली. कान रिकामे होते. डावं-उजवं ओळखायचं ओझं गेलं, कारण 'सरांची बाजू' आणि 'माझी बाजू' यात कधी गोंधळ होत नाही, सर दिसतातच. चूक सांगितली जायची तेव्हा हातपाय मोकळे असायचे, म्हणून ती डोक्यात शिरायची. पुढे माझ्या थेरपिस्टना हे सांगितलं तेव्हा त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, हेच तर आम्ही लोकांना समजावत असतो, हालचाल चालू असताना सूचना कमी, थांबल्यावर बोला, खुणा ठरवून घ्या. सरांना हे कुणी शिकवलं नव्हतं. चुन्यानं शिकवलं होतं.

त्यांनी आणखीही काही गोष्टी केल्या. त्यातली प्रत्येक तुम्हाला उद्या सकाळी करता येण्यासारखी आहे, आणि एकीलाही जादा पैसे लागत नाहीत.

तुमच्या गाडीत तुमच्या पायापाशीही क्लच आणि ब्रेक असतो. प्रशिक्षणाच्या गाडीला दुहेरी कंट्रोल असलाच पाहिजे असा नियमच आहे. तुम्ही तो फक्त शिकणाऱ्याला वाचवायला वापरता. सरांनी तो शिकवायला वापरला. पहिले तीन दिवस पाय त्यांचे, हात माझे. मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरवर गाडी ते चालवत होते आणि मी नुसतं स्टिअरिंग धरत होते. नंतर तीन दिवस बंद गाडीत, इंजिन न लावता, नुसते पाय: क्लच, गिअर, सोड. त्यानंतर सरळ रिकाम्या रस्त्यावर नुसतं निघणं आणि थांबणं, स्टिअरिंगचं काम जवळपास नाही. एकेक गोष्ट वेगळी काढून पक्की केली आणि दहाव्या-अकराव्या दिवशी दोन-दोन जोडायला घेतल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, ही बाई दहा दिवस काय करतेय? मी पाया भरत होते.

अंतराच्या अंदाजासाठी त्यांनी मैदानात एक वीट आणली. माझ्या डाव्या पुढच्या चाकाला चिकटवून ठेवली, मला खाली उतरवून दाखवली, परत सीटवर बसवलं आणि वीट जिथे असणार ती रेघ बॉनेटवर कुठे येते ते बघायला सांगितलं. माझ्या उंचीला आणि त्या गाडीला ती बॉनेटच्या साधारण मध्यावर येत होती. तिथे त्यांनी पांढऱ्या टेपचा एक तुकडा चिकटवला. झालं. मला फील नको होता, खूण हवी होती. तो तुकडा कडेच्या दगडाला लागला की डावं चाक दगडाजवळ आलं. रिव्हर्सचंही तेच. 'अंदाजानं फिरवा' याऐवजी 'मागच्या डाव्या काचेत खांब आला की पूर्ण फिरवा, गाडी सरळ दिसली की दीड फेरी उलटी.' अंदाज मी पाठ करू शकत नाही, पण कृती पाठ करू शकते. पाढेही तसेच केले होते.

चढावर काय करायचं यावरून मात्र आमचं वाजलं. नवले पुलाजवळच्या उतारानं पुणेकरांना किती अपघात दाखवलेत ते तुम्हाला ठाऊक आहे. तिकडे चढावर थांबून पुन्हा निघायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. तुम्ही सगळे चढावर हाफ क्लच शिकवता आणि कुणी हँडब्रेक ओढला तर 'ती सवय लावू नका' म्हणता, जसा काही तो बीडीचा झुरका आहे. हाफ क्लच म्हणजे क्लच अर्धवट सोडून गाडी जागच्या जागी तोलून धरणं, म्हणजे शुद्ध फील. हँडब्रेकनं निघणं म्हणजे एकामागून एक पायऱ्या: हँडब्रेक ओढलेला, क्लच थोडा वर, बॉनेट किंचित उचललं गेलेलं दिसलं, रेस, आता हँडब्रेक सोडा. एकाच वेळी करायच्या तीन गोष्टी इथे रांगेत उभ्या राहतात. सर दोन दिवस तयार नव्हते. तिसऱ्या दिवशी मी गाडी चार फूट मागे नेली आणि मागच्या टेम्पोवाल्यानं खाली उतरून आम्हा दोघांच्याही घराण्याची विचारपूस केली. त्यानंतर सरांनीच हँडब्रेक ओढला.

आणि वेळ. अर्धा तास सलग चालवलं की शेवटची दहा मिनिटं मी सुरुवातीपेक्षा वाईट चालवते. तुम्हाला वाटतं लक्ष नाही. तुमची जी कामं आपोआप होतात त्यांतलं प्रत्येक मी जाणूनबुजून करत असते, त्यामुळे मेंदू दमतो. वीस मिनिटं गाडी, दहा मिनिटं चहा, एवढ्यानं भागतं.

आता नियमांबद्दल थोडं, कारण तुमच्यातले काहीजण म्हणतील, 'मॅडम, आम्ही नियमाप्रमाणे शिकवतो.' केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये खाजगी मोटारीसाठी किमान 21 दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान 10 तास सांगितले आहेत. 'किमान' हा शब्द कृपया बोट ठेवून वाचा. तुमचं 15 दिवसांचं पॅकेज, रोजचे 5 किलोमीटर, त्यातच पुढच्या विद्यार्थ्याला घ्यायला जाणं, याची बेरीज 10 तास होते का, हा हिशोब तुम्हीच करा. 2021 पासून जी मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रं आली, त्यांच्यासाठी हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम, वर्गातले तास धरून, 29 तासांचा आहे. म्हणजे 10 तास कमी पडतात हे सरकारलाही कुठेतरी पटलेलं असावं. मला प्रत्यक्ष चालवण्याचे जवळजवळ 40 तास लागले. जादा तासांचे पैसे मी आनंदानं दिले. त्यासाठी तासावर दर सांगणारं स्कूल शोधावं लागलं, हे मात्र खरं. पॅकेज संपलं की माणूस संपला, असं का असावं?

प्रशिक्षक कोण असावा हे याच नियमांच्या 24 व्या कलमात आहे: दहावी पास, 5 वर्षं गाडी चालवल्याचा अनुभव, मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र, गाडीचे भाग समजावून सांगता येणं. सगळं रास्त आहे. इंजिन कसं चालतं ते तुम्हाला आलंच पाहिजे. पण माणूस कसा शिकतो याबद्दल त्यात ओळ नाही, म्हणून तुम्हाला दोष देताना माझी जीभ अडखळते. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.

कायद्याला डिस्प्रॅक्सिया माहीत नाही असंही समजू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या परिशिष्टात अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्लेक्सिया, डिसग्राफिया यांच्या पंगतीत डिस्प्रॅक्सियाचं नाव छापलेलं आहे. माझ्याकडे कुठलंही प्रमाणपत्र नाही आणि तुमच्याकडे ते घेऊन येणारंही क्वचितच कुणी असेल. बहुतेकांना तर आपल्याला काय आहे त्याचं नावही माहीत नसणार. म्हणून कागद मागू नका, बघा. पंधरा दिवसांनंतरही पाय बघावा लागतोय, डावं-उजवं सांगितल्यावर क्षणभर डोळे वर जातायत, काल जमलेलं आज अजिबात जमत नाही, बोलत असलात की चुका वाढतात आणि गप्प बसलात की कमी होतात, एवढं दिसलं की पुरे.

लायसन्सच्या अर्जासोबत फॉर्म 1 भरायचा असतो, स्वतःच्या शारीरिक क्षमतेची कबुली. त्यात एक प्रश्न आहे की हात किंवा पाय यांच्या हालचालीत, नियंत्रणात वा ताकदीत काही दोष आहे का. पहिल्या तीन वेळा मी बेधडक 'नाही' लिहिलं, कारण मला माहीत नव्हतं. चौथ्या वेळी पेन थांबलं. 'नियंत्रण' या शब्दावर मी बराच वेळ बसून राहिले. मग डॉक्टरांकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी तपासलं, थेरपिस्टशी बोलले आणि गाडी चालवायला हरकत नाही असं प्रमाणपत्र दिलं. ते मी अर्जाला जोडलं. स्कूलमधला मुलगा म्हणाला, 'कशाला उगाच? 'नाही'वर टिक करा, कोण बघतंय?' त्याचा हेतू चांगला होता. पण उद्या रस्त्यावर माझ्यापुढे कुणाचं तरी पोर असणार आहे, आणि त्या कागदावर सही माझी आहे.

म्हणूनच परीक्षेत सूट द्या असं मी कुठेही म्हणत नाहीये. ट्रॅकवर 8 चा आकडा, चढावर थांबून निघणं, रिव्हर्स, सगळं सगळ्यांसारखंच. पहिल्या वेळी मी रिव्हर्समध्ये नापास झाले आणि ते योग्यच होतं, खांब पडला होता. 7 दिवस थांबल्यावर परत परीक्षा देता येते, मी महिनाभर थांबले आणि पास झाले. डिस्प्रॅक्सिया असलेले काहीजण नीट विचार करून गाडी न चालवायचं ठरवतात. माझ्या ओळखीत तसे दोघे आहेत, त्यांच्या निर्णयाबद्दल मला आदर आहे. पण तो निर्णय त्यांनी शिकून बघून घेतला. बाराव्या दिवशी खिडकीबाहेर बघणाऱ्या सरांनी त्यांच्या वतीनं घेतला नाही.

एक गोष्ट मला सहा वर्षांत एकाही स्कूलनं सांगितली नाही, ती इथे लिहिते म्हणजे निदान तुमच्या फळ्यावर जाईल. दुचाकीच्या लायसन्समध्ये गिअरवाली आणि बिनगिअरची असे दोन वेगळे वर्ग असतात. खाजगी मोटारीत तसा भेद नाही. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा देऊन पास झालात तरी लायसन्स तेच मिळतं. 2014 मध्ये मारुतीनं सेलेरिओमध्ये क्लचचं पेडल नसलेला एएमटी गिअर आणला, तेव्हापासून अशी गाडी लहान घरांच्याही आवाक्यात यायला लागली. क्लच गेला की डावा पाय सुटीवर जातो, डावा हात मोकळा होतो आणि सात-आठ कामांतली निम्मी संपतात. मला हे दुसऱ्या वर्षी कळलं असतं तर एखादं कच्चं लायसन्स तरी वाचलं असतं. तुमच्याकडे एखादी ऑटोमॅटिक ठेवा, किंवा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ऑटोमॅटिकवर शिकवायची तयारी ठेवा. त्या गाडीत तुमच्या पायाखाली ब्रेक नसणार, तेव्हा पहिले धडे तुमच्याच गाडीत मैदानावर द्या. क्लच न आलेला ड्रायव्हर तुम्हाला अर्धा ड्रायव्हर वाटतो हे मला माहीत आहे. मला मात्र क्लच शिकायचा होता, हट्टानं. शिकलेही. आज विचाराल तर सांगेन, तो हट्ट शहाणपणाचा नव्हता.

हल्ली मी रोज धायरीहून कोथरूडला जाते-येते. तोच रस्ता, शक्यतो तीच वेळ. रेडिओ बंद. शेजारी बसणाऱ्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं की सिग्नल लागल्याशिवाय बोलायचं नाही. नवऱ्याला हा नियम फार आवडला आहे, आणि त्याचं कारण मी विचारत नाही.

आपली,
तिसऱ्या खेपेची विद्यार्थिनी

ता. क. – स्कूलच्या गाडीत इंडिकेटर उजव्या हाताला होता. घरी भावानं घेतलेली गाडी युरोपातल्या कंपनीची आहे, तिच्यात तो डाव्या हाताला आणि वायपर उजव्या. मी ती चालवते तेव्हा भर उन्हाळ्यात प्रत्येक वळणाआधी काच पुसली जाते. जी गाडी घरी आहे ती कुठली, हे पहिल्याच दिवशी विचारा आणि तशीच गाडी द्या. नसेल तर इंडिकेटरच्या दांड्यावर निदान एक लाल टेप तरी लावू द्या.